काजळीचं नाक

आमच्या विभागप्रमुखांना वास येत नसे. सर्दी-पडशातलं तात्पुरतं नव्हे. लहानपणी कसलासा ताप येऊन गेला आणि नाक जे बंद पडलं ते कायमचं. आता असा माणूस गणित शिकवेल, बँकेत चिकटेल, फार तर भौतिकशास्त्रात राहून भिंगं-आरसे बघत बसेल. ह्या गृहस्थांनी काय करावं? वास ओळखणारं यंत्र. तेही कशाचं, तर पणतीच्या काजळीचं. राहायला ठाण्याच्या वर्तकनगरात आणि नोकरीला आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजात, जिथे एमआयडीसीच्या बाजूने वारा सुटला की शेंबड्या पोरालाही कळायचं, आज कुठल्यातरी कंपनीत काहीतरी सांडलंय.

दुपारच्या सुट्टीत ते व्हरांड्यात वही घेऊन उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरायचे.

"बाई, आज कसला आहे?"

"सडक्या अंड्याचा, सर."

"एक ते दहामध्ये किती?"

"सात."

ते शाईने सात लिहायचे. मग केमिस्ट्रीच्या कुणालातरी अडवायचे. तो म्हणायचा तीन. सरांचा चेहरा उजळायचा. "बघा. सात आणि तीन. नाक हे माणसाचं सगळ्यात खोटारडं इंद्रिय आहे." ज्याच्याकडे एखादी वस्तू नाही त्याने तिला नावं ठेवावीत, तसं समाधान त्या बोलण्यात असायचं. मुलं त्यांना 'काजळी सर' म्हणायची. पाठीमागे आम्ही स्टाफही तेच म्हणायचो, आणि त्यात मी सगळ्यात पुढे.

माझ्या मुलाखतीत पॅनेलवर तिघं होते. दोघांनी मला क्वांटम मेकॅनिक्स विचारलं आणि घाम फोडला. सर इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "घरी समई लावता का?"

मी म्हटलं, लावते.

"तेल कुठलं?"

"तिळाचं."

"घ्या ह्यांना," ते प्राचार्यांना म्हणाले. अशी मी लेक्चरर झाले. टेंपररी.

काजळीच्या बाबतीत त्यांची मतं इतकी पक्की होती की वाद घालायची सोय नव्हती. तुपाची काजळी गर्विष्ठ, कुणाला चिकटत नाही. एरंडेलाची सज्जन पण मंद. रॉकेलची गुंड. कापराची मात्र हलकी, मोकळी, तिच्याकडून काम करून घ्यावं. हे सगळं ते वर्गात, गंभीर चेहऱ्याने, कपॅसिटरच्या तासाला सांगायचे. अंगात कायम पांढराशुभ्र शर्ट. उजव्या खांद्यावर खडूची पावडर, डाव्या बाहीला काजळी आणि नाकाच्या शेंड्यावर हमखास एक बोट. कुणी सांगितलं तर त्याच काळ्या बोटाने पुसायचे, म्हणजे एकाचे दोन व्हायचे.

सत्यनारायणाला, बारशाला, मंगळागौरीला, कुठेही बोलवा, खिशात काचेच्या स्लाइड असायच्याच. नमस्कार करायला म्हणून वाकायचे आणि समईच्या ज्योतीवर स्लाइड धरायचे. यजमानीणबाई हातात प्रसाद घेऊन बघत उभ्या. बरं, शुभकार्यापुरतं असतं तरी चाललं असतं. आमच्या एका सहकाऱ्याचे वडील गेले. आम्ही भेटायला गेलो. कोपऱ्यात दिवा लावलेला, घरातली माणसं रडतायत, सगळे जमिनीकडे बघत गप्प बसलेले. सर हळूच पुढे सरकले आणि त्या बिचाऱ्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "तेल कुठलं वापरलंय हो?" मी तिथेच मेले लाजेने. तो सहकारी पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही, आणि हे सरांच्या लक्षात आलं नाही.

त्यांच्या घरी मी तोवर एकदाच गेले होते. वर्तकनगरच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघराचं छत आमच्या गावच्या चुलीवरच्या आढ्यापेक्षा काळं. वरच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीत तक्रार केलेली, की ह्यांच्या खिडकीतून धूर येतो आणि वाळत घातलेल्या चादरी काळ्या होतात. सरांनी उत्तर काय द्यावं? 'चादरींचा एक तुकडा पाठवून दिल्यास उपकृत होईन.' त्यांच्या बायकोने मला चहा देताना सांगितलं, "आमच्या लग्नात ह्यांनी माझ्याकडे कमी आणि दिव्याकडे जास्त बघितलं. मला वाटलं लाजतायत."

आता काजळीत एवढं काय आहे, हे सांगायला हवं. सर ते फार छान सांगायचे, हे कबूल करते. काजळीचा कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहून बारीक. असे लाखो कण काचेवर एकमेकांना चिकटून बसतात. वीज त्यातून कशी जाते? तर चाळीच्या गॅलरीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हातोहात डबा पोचवतात तशी, ह्या दारातून त्या दारात. मध्येच कुठल्यातरी दारात पाहुणा येऊन बसला की डबा अडतो. तो पाहुणा म्हणजे गॅसचा रेणू. डबा अडला की रेझिस्टन्स वाढतो आणि काटा सरकतो. बस्स. झालं काजळीचं नाक.

तेव्हा नॅनो हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नव्हतं. पण नव्वदच्या आसपास परदेशी मासिकांतून बातम्या यायला लागल्या, की काजळीत कार्बनचे अणू फुटबॉलसारखे गोल जुळलेले सापडले; मग त्याच्या पोकळ नळ्याही सापडल्या, आणि त्या नळ्यांतून म्हणे वीज कमालीची पळेल. सरांनी त्या पानाची झेरॉक्स विभागाच्या दारावर चिकटवली आणि खाली लिहिलं, 'आपल्या पणतीतही आहे.' आहे की नाही ते बघणार कशाने? आमच्याकडे एकच मायक्रोस्कोप, तोही बॉटनीवाल्यांशी सामायिक, आणि त्याच्या नळीत झुरळाने संसार थाटलेला. सर म्हणायचे, "ते ग्राफाईटच्या कांड्यांमध्ये ठिणगी पाडून काजळी गोळा करतात, त्यांना मान. आम्ही कापूर जाळतो, आम्हाला हसता." आम्ही हसायचोच.

एकदा मात्र हसू आटलं. भर दुपारी अमोनिया सुटला. डोळ्यांची आग आग. ओले रुमाल तोंडाला लावून अख्खं कॉलेज रस्त्यावर आलं. सर कुठायत? सर दुसऱ्या मजल्यावर, फळ्यावर गणित सोडवतायत, समोर रिकामी बाकं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांना खडूचं वाटलं, आणि मुलं पळाली ती नेहमीसारखी पळाली असं वाटलं. लॅब अटेंडंट मामा वर गेले. मामा कोलशेतच्या कोळीवाड्यातले, सरांच्याच वयाचे. स्लाइड धुरावर धरावी ती त्यांनीच, हात जरा हलायचा नाही. त्यांनी सरांचं मनगट धरलं. "सर, चला. सगला कॉलेज खाली गेलाय." खाली आल्यावर सर ठसकत ठसकत पहिलं काय बोलले? "अरेरे. आणि स्लाइड कपाटात राहिली."

त्यानंतर त्यांनी एक वेगळंच धरून ठेवलं. कंपन्यांच्या मागच्या बाजूला चाळी होत्या. तिथल्या बायकांना विचारून आले. त्या म्हणाल्या, आम्हाला आता वास येतच नाही, सवय झाली. सरांनी ते शाईने वहीत लिहिलं. मग मला म्हणाले, "बाई, त्या माझ्यासारख्याच झाल्यात. आणि त्यांना तर रात्री मुलं घेऊन झोपायचंय तिथे." प्रत्येक चाळीत एक स्लाइड, एक घंटी, हे त्यांचं स्वप्न तेव्हापासूनचं. मी त्यावरही स्टाफरूममध्ये नक्कल केली. चांगली करायचे मी त्यांची नक्कल.

प्रयोगाचा एक विधी होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. पंखा बंद, खिडक्या बंद. स्लाइड मीटरच्या अगदी शेजारी, कारण वायरी आखूड हव्यात. लांब वायरीचा स्वतःचा रेझिस्टन्स मध्ये येतो. काटा शून्यावर आणायचा आणि दहा मिनिटं मौन. खरंच मौन, कुणी खोकायचंही नाही. मग अमोनियाची बाटली उघडायची आणि सर रीडिंग, म्हणजे काटा पट्टीवरची किती घरं सरकला ते, पुकारायचे. त्यासाठी एक डोळा मिटून, काट्याच्या बरोब्बर वर तोंड आणून वाकायचे, कारण तिरकं बघितलं की रीडिंग चुकतं. काट्याखाली आरशाची पट्टी असते, तिच्यातलं काट्याचं प्रतिबिंब काट्याखाली लपलं पाहिजे. "एक मिनिट, चार घरं! दीड मिनिट, सात घरं!" असं ते खणखणीत आवाजात, दर अर्ध्या मिनिटाला. मी स्टुलावरून काट्याकडे बघत लिहायचे. शाईने. खोडायचं नाही, गाळायचं नाही. "काटा जे म्हणतो ते लिहायचं. आपण त्याचे कारकून," असं ते म्हणायचे.

मी हे मुकाट्याने करत होते, कारण मला परमनंट व्हायचं होतं. नवीन नियम आलेला, एम.फिल. नसेल तर टेंपररीची टेंपररी. जूनपर्यंत डिग्री नाही तर जागा दुसऱ्याला. घरी कल्याणला सासूबाई रोज विचारायच्या, "ह्या वर्षी तरी नक्की का गं?" विद्यापीठाने सरांना मार्गदर्शक म्हणून मान्यता कशी दिली हे मला आजही कोडं आहे, पण दिली होती, आणि आमच्या कॉलेजात दुसरं कुणी नव्हतं. माझा विषय ठरला, कापराच्या काजळीच्या थरावर अमोनियाचा परिणाम. दोन वर्षं मी ती घरं मोजली. आलेख इतके सुरेख आले, की बघत राहावं. टाइप झाले, बाइंडिंग झालं. तोंडी परीक्षेला तीन आठवडे उरले.

आणि सरांचा आवाज बसला. साफ गेला. डॉक्टरांनी तीन दिवस घरी बसवलं. जाताना मला पाटीवर लिहून दाखवलं, 'रोज एक रीडिंग घ्या.'

मी घेतलं. मौन पाळलं, बाटली उघडली आणि स्टुलावरूनच, मान लांब करून काटा बघितला. सरांसारखं वाकून कोण ओरडणार? काटा अर्धं घर हलला आणि थांबला. मला वाटलं स्लाइड खराब झाली, म्हणून लिहिलं नाही. दुसरी लावली. अर्धं घर. दुसऱ्या दिवशी तिसरी लावली, तेच. तिसऱ्या दिवशी चौथी लावून मौनात बसले होते, बाटली अजून बंद होती, तेवढ्यात मामा आत आले आणि कुणी ऐकू नये म्हणून टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाले, "सरांच्या घरनं फोन आलता. उद्या येतान म्हनं."

काटा चढायला लागला. दोन घरं. चार. मामांनी खाली बघितलं.

"बाई, काटा चालला."

"हं."

"बाटली तं उघडली नाय."

"हं."

मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि स्लाइडवर नुसता श्वास सोडला. काटा सरसर गेला. बाई गं. दोन वर्षं आम्ही अमोनिया मोजत नव्हतोच. सरांच्या तोंडची वाफ मोजत होतो. काजळीला बाष्प लागलं की रेझिस्टन्स वाढतो. मौनात काटा शून्यावर राहायचा, आणि बाटली उघडली की सर वाकून बोलायला लागायचे. आखूड वायरी, मिटलेला डोळा आणि तो खणखणीत आवाज. इतका काटेकोरपणा केला नसता तर ही चूक झालीच नसती.

"लिवताव नं, बाई?" मामांनी विचारलं.

"नंतर लिहिते, मामा."

मी वही मिटली. त्या तीन दिवसांची पानं कोरी राहिली. मी स्वतःला सांगितलं, आधी परमनंट होऊ दे, मग बघू. सासूबाई, जून महिना, बाइंड झालेल्या चार प्रती. कोण नाही असं करणार? मला त्या वेळी हे अगदी पटलं होतं.

परीक्षेच्या दिवशी विद्यापीठातून परीक्षक आले. सफारीतले, पोट सुटलेले, स्वभावाने चांगले. माझे आलेख बघून खूश झाले. आता एक प्रात्यक्षिक दाखवा, की आपण मोकळे, म्हणाले. सरांचा आवाज परत आलेला, शर्ट नवा. पंखा बंद, मौन सुरू. मामा दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभे. सर आज आधीपासूनच एक डोळा मिटून काट्यावर वाकलेले. परीक्षकांना मौनाची सवय नाही. ते खुर्चीत चुळबुळ करत होते. सातव्या मिनिटाला त्यांना राहवलं नाही.

"पण सर, खरं सांगा, ह्या काजळीचा उपयोग काय हो?"

सर मौन मोडणार नाहीत, ह्याची मला खात्री होती. बाप मेला असता तरी मोडलं नसतं. पण हा प्रश्न इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलाच नव्हता. ते तसेच वाकून, डोळा न उचलता बोलायला लागले. त्या चाळी, त्या बायका, वास मेलेली नाकं, झोपलेली मुलं, एक स्लाइड, एक घंटी. फार सुंदर बोलले. आणि बाटली बंद असताना काटा चढत गेला.

मी त्यांना खुणा करत होते. पण त्यांचा एक डोळा मिटलेला आणि दुसरा काट्यावर. वाक्य अर्ध्यात तुटलं.

"बाई, लिहा. सातवं मिनिट. बाटली बंद. काटा अकरा घरं."

मी पेनाला टोपण लावलं.

"अहो, हवा आली असेल कुठूनतरी," परीक्षक म्हणाले. "चालायचंच. उघडा बाटली, पुढे जाऊ."

एवढी मोठी वाट त्या भल्या माणसाने काढून दिली होती. 'हो' म्हणायचं होतं फक्त. सर म्हणाले, "पंखा बंद आहे, खिडक्या बंद आहेत. हवा कुठून येईल? बाई, लिहा." मी लिहिलं. मग त्यांनी स्लाइडवर श्वास सोडला. तेही लिहायला लावलं. मग तोंडाला रुमाल बांधला, बाटली उघडली आणि बोटांनी मला दाखवलं, अर्धं घर. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सगळ्यांना ते अमोनियाचं वाटलं. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटत होता, हे स्पष्ट सांगते. माझी नोकरी, माझी दोन वर्षं, आणि हा शहाणा परीक्षकाला आपणहून सांगतोय, "चूक पद्धतीत आहे आणि पद्धत माझी आहे. ह्या बाईंनी मी पुकारलं तेवढंच लिहिलं."

प्रबंध परत. नव्याने प्रयोग करून सहा महिन्यांनी द्या. म्हणजे जून गेला.

सरांच्या कपाटात माझ्या आधीच्या वर्षांच्याही वह्या होत्या, बावीस. दुसऱ्या दिवशी ते एकेक वही काढून पहिल्या पानावर तांबड्या शाईने लिहीत बसले होते, 'यातील रीडिंगं माझ्या श्वासाची आहेत. वापरू नयेत.' बाविसाव्या वहीवरही अक्षर तेवढंच सुवाच्य. स्टाफरूममध्ये कळल्यावर लोक पोट धरून हसले. माझी नक्कल मागितली. मी केली. तोंडाला रुमाल बांधून केली, आणि ती सगळ्यात गाजली.

त्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "बाई, मी आजारी होतो तेव्हा तुम्ही एकट्या रीडिंग घेत होता. त्या तीन दिवसांची पानं कोरी आहेत."

"जमलं नाही, सर. काम झालं नाही."

मामा कोपऱ्यात स्लाइड पुसत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पुसायला लागले. सरांनी मान डोलावली. "खरं आहे. मी नसताना ते कसं होणार?" एवढा मोठा धडा मिळूनही हा अहंकार शाबूत होता. त्याने मला वाचवलं.

जूनमध्ये प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. जाहिरात तयार होती, माझ्या जागेची. मी निरोपाचं बोलायची तयारी करून गेले. त्यांनी एक कागद पुढे केला. सरांनी मॅनेजमेंटला पत्र लिहिलं होतं, स्वतःच्या हाताने, दोन पानं. डिग्रीला झालेल्या उशिराची जबाबदारी सर्वस्वी माझी. बाईंना काढणार असाल तर माझं विभागप्रमुखपद आधी काढून घ्या. शेवटी एक ओळ होती आणि तिच्याखाली रेघ मारलेली. 'या बाईंनी आपल्या डोळ्यांनी न पाहिलेलं रीडिंग आजवर एकदाही लिहिलेलं नाही.'

"सर असं कुणाबद्दल लिहीत नाहीत," प्राचार्य म्हणाले. त्यांनी सरांचं पद काढून घेतलं आणि मला, डिग्री नंतर आणायच्या अटीवर, परमनंट केलं.

ती ओळ खरी आहे. न पाहिलेलं मी कधीच काही लिहिलं नाही. पाहिलेलं लिहिलं नव्हतं, ते सांगायला मी नंतर दोनदा वर्तकनगरला गेले. दोन्ही वेळा चहा घेतला, छताकडे बघितलं आणि परत आले.